बासचा हिशोब लिटरमध्ये

20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या गाड्यांतून भीमगीतं वाजतात, आणि ती वाजायलाच हवीत. 1927 साली याच दिवशी बाबासाहेब सहकाऱ्यांसह या तळ्याचं पाणी प्याले. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी त्या लढ्याचा आशय शब्दांत धरला, म्हणून ही आधी शब्दांची गाणी आहेत. डिकीतला सबवूफर ते शब्द गिळून टाकतो तेव्हा मला ते फार लागतं. खालचा सूर फुगला की तो वरच्या सुरांना झाकतो, मानवी कानाची घडणच तशी आहे. लोक दोष अ‍ॅम्प्लिफायरला देतात आणि आणखी मोठा आणतात. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा बॉक्सच्या आतल्या जागेत निघतो.

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगचं काम करते. जागा कमी तितकी ती कडक, आणि स्पीकरचा अनुनाद तितका वर सरकतो. एक उदाहरण घेऊ. स्पीकरचा स्वतःचा अनुनाद 28 हर्ट्झ, माहितीपत्रकात क्यूटीएस (अनुनाद किती आवरला जातो त्याचा आकडा) 0.45 आणि व्हीएएस (स्पीकरच्या सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेची जागा) 60 लिटर. सपाट, आटोपशीर बाससाठी त्याला सुमारे 41 लिटर जागा लागते, तेव्हा अनुनाद 44 हर्ट्झवर येतो. आता सुताराला 41 लिटर सांगितले आणि त्याने बाहेरून 50 बाय 32 बाय 26 सेंटिमीटरचा बॉक्स केला, तर बाहेरचं माप बरोबर येतं. पण 18 मिलिमीटरचा प्लाय सहाही बाजूंनी वजा केला की आत साडेएकोणतीस लिटरच उरतात. त्यातून स्पीकरचं चुंबक आणि आतले आधार मिळून चार लिटर गेले, तर उरले साडेपंचवीस. अनुनाद 51 हर्ट्झवर जातो आणि त्याखालचा सूर लवकर आटतो. मग ऐकणारा बास बूस्ट वाढवतो. ते बटण फक्त हरवलेला सूर वाढवत नाही, आजूबाजूचंही फुगवतं, आणि ढोलकीच्या मोठ्या तोंडाचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो.

इक्वलायझरने हे सगळं नीट करता येतं, असा आक्षेप जाणकार घेतात. काही अंशी तो खरा आहे. पण 6 डेसिबल वाढवायला चौपट पॉवर लागते आणि कोनची हालचाल दुप्पट होते. जे काम चार फळ्या मोठ्या कापून फुकटात झालं असतं, ते व्हॉइस कॉइल तापवून का करायचं? दुसरा आक्षेप डिकीतल्या जागेचा, आणि तो मला जास्त पटतो. छोट्या गाडीत 41 लिटर दिले की सामान कुठे ठेवणार? अशा वेळी कमी व्हीएएसचा स्पीकर निवडावा, बॉक्सवर अन्याय करू नये. तयार बॉक्स थोडा लहान पडत असेल, तर आत पॉलिएस्टरचा कापूस सैल भरावा. स्पीकरला जागा दहा-वीस टक्के वाढल्यासारखी वाटते. वरच्या उदाहरणात तेवढ्याने 30 लिटरपर्यंतच पोचता येईल, म्हणजे अर्धी भरपाईसुद्धा नाही. बॉक्स मोठा झाला असेल तर काम सोपं: 20 बाय 10 बाय 10 सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा आत घट्ट चिकटवला की दोन लिटर कमी. मात्र चाळीस लिटरमध्ये दोन लिटरचा फरक कानाला जाणवत नाही, त्यापायी बॉक्स उघडत बसू नये.

पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी नळी बसवलेल्या, बॉक्सला ही सवलत कमी. तिथे जागा दहा टक्के घटली की पोर्टची ट्यूनिंग पाच टक्क्यांनी वर जाते, म्हणून ठोकळा टाकला तर नळीही लांब करावी लागते. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. एमडीएफ ओल धरून फुगतं, सांधे सुटतात, आणि हवा गळणाऱ्या बॉक्सला लिटरचा कुठलाच हिशोब लागू पडत नाही. इथे वॉटरप्रूफ प्लाय वापरावा आणि आतले सगळे सांधे सिलिकॉनने बुजवावेत.