पहिल्या तासाचा प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला मी व्याख्या देत बसत नाही. किल्लारीचा भूकंप घेतो. जळकोटच्या माझ्या वर्गातली मुलं 1993 नंतर जन्मलेली. पण 30 सप्टेंबरची ती पहाट त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, चारच्या सुमारास जमीन हलली, हजारो गेली. फळ्यावर ‘का?’ एवढंच लिहितो आणि मुलांना बोलू देतो.

कुणी भूगर्भातला ताण सांगतं, कुणी देवाचा कोप, कुणी घरांना दोष देतं. मुलं हिरिरीने भांडतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे, हे हळूहळू ध्यानात येतं. मिसळलेलं धान्य निवडावं तसे ते प्रश्न निवडून वेगळे करायला शिकवणं, हे माझं काम.

मग लिस्बनचा भूकंप. 1 नोव्हेंबर 1755, तिथंही सणाचाच दिवस, लोक चर्चमध्ये जमलेले. जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्या भूकंपाची नैसर्गिक कारणं मांडली. जमिनीखालच्या पोकळ्यांत काहीतरी पेटतं, हा त्याचा तर्क पुढे चुकीचा ठरला. तो तपासता आला, यावरूनच त्या प्रश्नाची जात कळते. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने विचारलं, निरपराधांना गाडणारं हे जग चांगलं कसं म्हणायचं? याला कुठलंही यंत्र लावता येत नाही. 1756 मध्ये तत्त्वज्ञ रुसोने व्होल्तेअरला पत्रातून सुनावलं की ती उंच, दाटीची घरं काही निसर्गाने बांधली नव्हती.

किल्लारीतही माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखालीच मेली. तरी रुसोचं म्हणणं इथे जसंच्या तसं लावायला माझं मन घेत नाही. दगड जवळ मिळत होता, उन्हाळ्यात घर गार राहत होतं, आणि भूकंपाच्या तेव्हाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. जे माहीतच नव्हतं त्याचा दोष कुणाला द्यायचा? माहीत करून न घेणं हा केव्हा अपराध ठरतो? हे प्रश्न मोजमापाने सुटत नाहीत. पण मोजमाप हाताशी नसेल तर नीट विचारताही येत नाहीत. म्हणून तत्त्वज्ञानाला हवेतल्या गप्पा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

माझं मत मी मुलांना कारणांसकट सांगतो आणि ते खोडून काढा म्हणतो. 1993 पूर्वी ती घरं बांधणाऱ्यांना मी दोषी मानत नाही. आज जळकोटात घर बांधणाऱ्याला, त्याला परवानगी देणाऱ्याला आणि त्याची तपासणी करणाऱ्याला मात्र ती सूट नाही.