पापडवाल्या अम्मांचा ॿ

बदलापूरला लोकलमध्ये बसलं की अंबरनाथ, आणि अंबरनाथ सुटलं की उल्हासनगर. पाव तासाचा काय तो प्रवास! पण कान उघडे ठेवून बसलं तर बायकांच्या डब्यात तीन मुलुख भेटतात.

परवा पापड आणायला निघाले होते, बरोबर धाकटी लेक. दाराशी टोपली घेऊन बसलेली आगरी मावशी 'पानी' म्हणाली, 'मासली' म्हणाली, घोड्याला 'घोरा' म्हणाली. झालं! लेक फिदीफिदी हसायला लागली. मी डोळे वटारले खरे, पण लग्न होऊन इकडे आले तेव्हा मीही त्याला 'अशुद्ध'च समजत असे. पुढे वऱ्हाडात नणंदेकडे गेले, तर तिथे डोळ्याचा 'डोया'. आगरी 'डोला', वऱ्हाडी 'डोया', आणि आपला पुस्तकातला ळ मध्येच कुठेतरी!

उल्हासनगरला मात्र हसायची पाळी दुसऱ्यांची होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर अमुक' असंच सांगतात. आमच्या पापडवाल्या अम्मा तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. आता ऐंशी उलटली, तरी मिरी भरडलेली त्यांना आपल्याच हातची लागते.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सिंधीत म्हटलं, "अम्मा, ब पुडे द्या." सिंधीत ॿ म्हणजे दोन. अम्मा खुदकन हसल्या. "ना पुट, तुझा ब बाहेर जातो. आमचा आत येतो."

ओठ मिटायचे, कंठ किंचित खाली ओढायचा आणि मग ओठ उघडायचे. हवा बाहेर फुटायच्या ऐवजी जराशी आत येते, बुडबुडा फुटावा तसा आवाज होतो. सिंधीत असे चार वर्ण आहेत. देवनागरीत लिहिताना अक्षराखाली आडवी रेघ देतात: ॻोठ म्हणजे गाव, ॼिभ म्हणजे जीभ, ॾह म्हणजे दहा, ॿार म्हणजे मूल. रेघ विसरलात तर मुलाचं ओझं होतं, कारण साधा 'बार' म्हणजे भार. (काही आयांना दोन्ही एकच वाटेल म्हणा!)

अम्मांच्या मुलाचं म्हणणं, हा सिंधच्या रेताड, कोरड्या हवेचा गुण. मला काही पटेना. हवा आत ओढली तर धूळच गिळायची की! पण असा विचार करणारे शास्त्रज्ञही आहेत. केलेब एव्हरेट या अमेरिकन अभ्यासकाने २०१३ मध्ये ५६७ भाषा तपासून दाखवलं, की कंठ मिटून फटकन बाहेर टाकायचे काही वर्ण उंच डोंगराळ मुलखात जास्त आढळतात, कारण म्हणे तिथली विरळ हवा. सगळ्यांना ते मान्य नाही. आणि अम्मांचे आत ओढायचे वर्ण? ते रखरखीत मारवाडात आहेत, कच्छात आहेत, तसेच आफ्रिकेच्या दमट किनाऱ्यावरच्या स्वाहिलीतही आहेत. मग हवेला कुठे धरायचं?

मला वाटतं, भूगोलाचं काम वेगळंच. सिंध, कच्छ, मारवाड एकमेकांना लागून, तेव्हा उच्चारही शेजारच्या वाटीतल्या विरजणासारखे इकडून तिकडे गेले असतील. आणि मध्ये घाट किंवा खाडी आली, येणंजाणं कमी झालं, की दोन्हीकडची बोली आपापल्या वाटेने जाते.

हवेनंच सगळं होत असतं तर अम्मांचा ॿ इथल्या पावसाळ्यांत केव्हाच विरघळला असता. सत्तर वर्षांहून जास्त तो त्यांच्या तोंडात शाबूत आहे. त्यांच्या नातीच्या तोंडात मात्र नाही. ती इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी हिंदी बोलते. आजीने "ॿ चऊ" म्हणजे 'ॿ म्हण' म्हटलं, की ती आपला साधा ब म्हणते आणि मोबाइलकडे वळते. अम्मा मला म्हणाल्या, "मी गेले की हिला कोण सांगणार, दोन कसे मोजायचे?" मी काय बोलणार? पुडे पिशवीत टाकले.

परतीच्या गाडीत लेक खिडकीशी बसून ओठ मिटायची, उघडायची. समोर टोपली रिकामी करून निघालेली एक आगरी मावशी टक लावून बघत होती. "काय झाला गो पोरीला?" तिने विचारलं. लेकीने तिलाही शिकवायला घेतलं. अंबरनाथ येईपर्यंत मावशीला ॿ जमला, माझ्या लेकीला अजून नाही.