इंजिन बंद पडल्यावर काय चालू राहील?

“फुरुनो घेऊ की गार्मिन?” जुलैच्या अखेरीस रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी संपत आलेली असते. बोटींना नवा रंग लागलेला असतो, दुरुस्त झालेली जाळी वर चढत असतात आणि मालकाच्या हाती हंगामाची उचल नुकतीच पडलेली असते. त्या पैशातून केबिनमध्ये काहीतरी नवं बसवायचं असतं. मी आधी विचारतो, “भाई, इंजिन बंद पडलं आणि बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या, तर तुमच्या बोटीवर काय चालू राहील?” कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते मग बघू. आमच्याकडे पैसा खर्च होतो तो बरोबर उलट्या क्रमाने. आधी मासा शोधणारं यंत्र, मग वाट दाखवणारं, काही उरलं तर बोलायचं, आणि जीव वाचवणारं सरकार देईल तेव्हा. हा क्रम फिरवा, एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडचा. नौदलात संदेशवहनाचं काम केलं आणि निवृत्तीनंतर कोकणात बोटींवर यंत्रं बसवायच्या धंद्यात शिरलो. मुदखेड हे जंक्शनचं गाव. आदिलाबादची लाइन इथूनच फुटते. गाडी नजरेच्या टप्प्यात नसली तरी ती कुठे आहे हे स्टेशनातल्या माणसाला ठाऊक असतं, हे मी लहानपणापासून पाहिलं. बंदरातून सुटलेल्या बोटीबद्दल मात्र तिच्या घरच्यांना ती परत येईपर्यंत काहीच ठाऊक नसतं. याची सवय मला अजून झालेली नाही.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. त्याआधी ते रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या समुद्रातून गेलं होतं आणि तिथे आपल्या बोटी होत्या. कित्येक खलाशी परतले नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात ओखी आलं, तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या बोटी वाऱ्याने इतक्या वर ढकलल्या गेल्या, की त्यांना देवगड बंदरात आसरा मिळाला. घरच्यांना खलाशी जिवंत असल्याचं कळलं ते देवगडला पोचल्यावर. मधले दिवस त्या घरांनी कसे काढले असतील, त्याचा विचार करूनच यंत्रांची यादी करायला बसावं.

यादीत पहिलं डॅट. संकटाची हाक उपग्रहाकडे पाठवणारं हे यंत्र इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने मच्छीमारांसाठी बनवलं आणि २०१० पासून ते वापरात आहे. बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात जातो, तिथून तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राकडे. जुन्या डॅटची अडचण अशी, की दाबणाऱ्याला आपली हाक पोचली का, ते कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये उलट पोच येते. बुडत्या बोटीवर ‘तुमची हाक मिळाली’ एवढं समजलं की माणसं बोट धरून राहतात. नाहीतर घाबरून पाण्यात उड्या टाकतात.

खोल समुद्रात जाणाऱ्यांना मी इपर्बही घ्यायला सांगतो. ही ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक देणारी तरंगती पेटी. बोट बुडून दीड ते चार मीटर पाणी वर चढलं की त्या दाबाने तिचा खटका सुटतो, पेटी आपोआप पृष्ठभागावर येते आणि निदान ४८ तास संदेश देत राहते. कुणी बटण दाबायला शुद्धीवर नसलं तरीही. पण खटका दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि ही तारीख कुणी पाहत नाही. जुन्या जहाजांच्या सामानातून स्वस्तात आणलेला इपर्ब तर घेऊच नका. त्यातला क्रमांक भलत्याच जहाजाच्या नावावर असतो. तुम्ही बुडत असताना चौकशी होईल ती भंगारात गेलेल्या जहाजाची. आणि तो फक्त १२१.५ मेगाहर्ट्‌झवर चालणारा जुना प्रकार असेल, तर उपग्रहांनी ती हाक ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासूनच बंद केलंय.

दुसरं यंत्र व्हीएचएफ, बंदरातल्या भाषेत वायरलेस. मोबाइल किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मुका होतो. उपग्रह फोन परवान्याशिवाय आपल्या देशात बाळगताच येत नाही. कुणी दुबईहून आणून दिला तरी बोटीवर ठेवू नका. म्हणजे आजूबाजूच्या बोटींशी, जहाजांशी आणि तटरक्षक दलाशी थेट बोलायला उरतो तो वायरलेस. त्याची ताकद २५ वॉट, हातातल्या सेटची ५ वॉट. पण वॉटपेक्षा महत्त्वाची असते अँटेनाची उंची, कारण या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी वाकडी आहे. नऊ मीटर उंचीवरच्या अँटेनाचं क्षितिज साडेसहा सागरी मैलांच्या आसपास येतं. तशीच अँटेना असलेली दुसरी बोट मग तेरा मैलांपर्यंत ऐकू येईल. केबिनच्या टपावर आडवी बांधलेली अँटेना यातलं निम्मंही देत नाही. डोलकाठीच्या टोकाला अँटेना चढवायला एक सकाळ पुरते.

“ऐकू येतं, पण आमचं कुणाला जात नाही,” ही तक्रार माझ्याकडे सतत येते आणि दोष सेटला दिला जातो. ऐकताना सेट जेमतेम अर्धा-एक अँपिअर ओढतो. बोलायचं बटण दाबलं की पाच-सहा. बॅटरीपासून केबिनपर्यंत घरातल्या ट्यूबलाइटची बारीक वायर ओढलेली असेल, तर तेवढा प्रवाह वाहताना व्होल्ट वाटेतच गळतात. सेटचा दिवा मंद होतो आणि आवाज बाहेर पडतच नाही. मी मीटर लावून मालकाला दाखवतो: बटण सोडलं की साडेबारा, दाबलं की दहाच्या खाली. मग अँटेनाच्या केबलचा कनेक्टर उघडतो. आत चकचकीत तांब्याऐवजी हिरवी पूड असते आणि केबलच्या काळ्या आवरणाखालची जाळी बोट लावताच तुटते. खारं पाणी केशाएवढ्या फटीतून शिरतं आणि केबलच्या आत हातभर चढतं. यावर उपाय साधा: कल्हई केलेल्या तारांची जाड वायर, प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज, कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप आणि यंत्रांसाठी इंजिनापासून वेगळी बॅटरी, तीही शक्य तितकी उंचावर. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्ट कोसळतो आणि त्याच बॅटरीवरचा जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून ही वेगळी हवी. या सगळ्याचा खर्च नव्या सेटच्या पासंगालाही पुरत नाही. हल्ली आणखी एक रोग आलाय: स्वस्त एलईडी दिव्यांची खरखर वायरलेसवर येते. चॅनल १६ लावा, दिवे विझवा. खरखर थांबली तर चोर सापडला.

चॅनल १६ हे संकटाचं. त्यावर गाणी लावणं आणि तासन्‌तास मासळीच्या भावाच्या गप्पा मारणं हा माझ्या मते गुन्हा आहे. त्याच वेळी कुणाची तरी हाक त्यात बुडत असते. नव्या सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की बोटीचा क्रमांक आणि जागा आपोआप प्रसारित होते, पण सेटमध्ये भारताच्या ४१९ या आकड्यांनी सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक भरलेला असेल आणि जीपीएसची तार जोडलेली असेल तरच. विकत घेताना दुकानदाराकडून हे दोन्ही करून घ्या. आणि हे बटण बोट चालवणाऱ्या तांडेलइतकंच भात रांधणाऱ्या पोऱ्यालाही माहीत हवं.

बोटीची ओळख आणि जागा आजूबाजूच्या जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र म्हणजे एआयएस. वीस मीटरपेक्षा मोठ्या बोटींना ते सक्तीचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ‘कुबेर’ ही मासेमारी बोटच वापरली गेली, त्यानंतर हे नियम कडक झाले. लहान बोटींसाठी इस्रोच्या तंत्राचे, उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलणारे ट्रान्सपाँडर आलेत. देशभरात एक लाख बोटींवर ते बसवायच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्येच झाला. मासळीची जागा इतरांना कळू नये म्हणून यंत्र बंद ठेवणारे तांडेल आहेत. त्यांची कळकळ मला समजते, एका चांगल्या खेपेवर अख्ख्या घराचं वर्ष उभं असतं. पण जयगडसमोर रात्री १८ नॉटने येणारं जहाज वीस मिनिटांत सहा मैल कापतं. लाकडाची किंवा फायबरची बोट त्याच्या रडारवर धड उमटत नाही, आणि दिसलीच तरी ते जहाज जागच्या जागी थांबू शकत नाही. यंत्र चालूच ठेवा. शिवाय डोलकाठीवर पत्र्याचा रडार परावर्तक टांगा.

जीपीएसबद्दल फार लिहीत नाही. २ मे २००० ला अमेरिकेने त्यातली मुद्दाम घातलेली चूक काढली, तेव्हापासून कुठलंही बरं यंत्र खुल्या समुद्रात हवी तेवढी जागा अचूक दाखवतं. किती देशांचे उपग्रह पकडतो यावर जास्त पैसे घालवू नका. भर उन्हात पडदा वाचता येतो का आणि ओल्या, चिकट बोटांनी बटणं दाबता येतात का, ते पाहा. एक मात्र पक्कं करा. एका यंत्रावर १६ अंश ५९.५० मिनिटं असं लिहिलेलं असतं, तांडेलच्या वहीत ते १६-५९-५० असं उतरतं आणि दुसऱ्या यंत्रात ५० सेकंद म्हणून भरलं जातं. अर्धा मिनिट म्हणजे तीस सेकंद. फरक वीस सेकंदांचा, म्हणजे सहाशे मीटरहून जास्त. खडपाच्या तोंडाशी सहाशे मीटर म्हणजे बोट गेली. सगळ्या यंत्रांवर आकडे लिहायची एकच पद्धत ठेवा. आणि होकायंत्र काढून टाकू नका. त्याच्याजवळ वायरलेसचा स्पीकर बसवू नका, त्यातलं चुंबक सुई फिरवतं. मीटरभर अंतर सोडा.

फिशफाइंडर शेवटी. कोकणासमोरचा समुद्र किनाऱ्यापासून बराच लांबपर्यंत उथळ आहे, तिथे ६०० वॉटचं, ५० आणि २०० किलोहर्ट्‌झ असं दुहेरी यंत्र बहुतेकांना पुरतं. त्याहून मोठ्या यंत्रावर घालायचा पैसा इपर्बवर घाला.

लाटांचे आणि वाऱ्याचे जे अंदाज रत्नागिरीच्या तांडेलला मोबाइलवर मिळतात, ते तयार होतात हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्रात. मुदखेडहून निजामाबादमार्गे आपली माणसं दवाखान्याला, कामाला जातात त्याच हैदराबादला. कोकणच्या दर्याची खबर रत्नागिरीपेक्षा मुदखेडला जवळ असलेल्या गावात बनते, याचा मला अभिमान वाटतो. आमच्याकडच्या गोदावरीवर, विष्णुपुरीच्या जलाशयात जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांना यातलं काहीच परवडणार नाही आणि लागणारही नाही. पण अंगात लाइफ जॅकेट आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत चार्ज केलेला फोन, एवढं त्यांच्याकडेही हवं. संकटात ११२ लावा.

अरबी समुद्रातली वादळं मासेमारीच्या भर हंगामातही येतात. फयान नोव्हेंबरात आलं होतं, ओखी डिसेंबरात. कोकणातल्या मच्छीमार घरांतल्या बायकांना माझी विनंती आहे. बोट धक्क्याला लागेल तेव्हा तुम्ही स्वतः केबिनमध्ये जा, डॅटवर आणि इपर्बवर बॅटरीची मुदत छापलेली असते ती वाचा, आणि ती संपलेली असेल तर नवी बसेपर्यंत बोट सुटू देऊ नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. तो घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.