कोल्डची लोकशाळा

डेन्मार्कमधील हिवाळा लांब आणि अंधारा असतो. नोव्हेंबर उजाडला की शेतीची कामे थंडावतात, गुरे गोठ्यात येतात आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा दिवसांत शेतकऱ्याच्या तरुण मुलाने काय करावे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्नच कोणाला पडत नसे. त्याने गुरांना चारा घालावा, शेगडीपाशी बसून अवजारे दुरुस्त करावीत आणि वसंताची वाट पाहावी. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा संपलेली असे. त्यापुढचे शिक्षण लॅटिन भाषेच्या आधाराने चाले. ते पाद्री आणि सरकारी अधिकारी होणाऱ्यांसाठी होते. नांगर धरणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

१७८८ पर्यंत तर शेतकऱ्याच्या मुलाला जमीनदाराच्या परवानगीवाचून गाव सोडून जाण्याचीही मुभा नव्हती. तो निर्बंध उठला. पुढे १८४९ मध्ये देशाला राज्यघटना मिळाली आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती मत आले. पण पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून वावरलेल्या माणसाला नुसते मत देऊन भागत नाही. चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे?

ही चिंता ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाला फार आधीपासून लागली होती. तो कवी होता, इतिहासाचा अभ्यासक होता. तरुणांसाठी त्यांच्या मातृभाषेतून चालणारी, परीक्षेवाचूनची शाळा निघाली पाहिजे, असे तो सतत लिहीत असे. छापील शब्दापेक्षा तोंडच्या जिवंत शब्दावर त्याची श्रद्धा अधिक. त्याने स्वतः मात्र आयुष्यभर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले, ही त्यातली गंमत! त्याच्या विचाराने भारावलेल्या मंडळींनी १८४४ मध्ये रोडिंग या गावी पहिली लोकशाळा उघडली. परंतु ही कल्पना साध्या शेतकऱ्याच्या घरात खऱ्या अर्थाने रुजवली ती क्रिस्टेन कोल्ड याने.

कोल्ड हा जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १८१६ चा. तो शिक्षक झाला खरा, पण त्या वेळच्या शाळेत धर्माचे पुस्तक शब्दशः पाठ करून घेण्याची सक्ती होती. मुले रडत, अडखळत, आणि दुसऱ्या दिवशी विसरून जात. कोल्डने एक वेगळा मार्ग धरला. त्याच गोष्टी तो मुलांना रंगवून सांगू लागला, आणि ज्यांना चार ओळी पाठ होत नव्हत्या ती मुले सबंध कथा जशीच्या तशी सांगू लागली! वरिष्ठांना हे मानवले नाही. पाठांतराचा आग्रह त्यांनी सोडला नाही, आणि कोल्डनेही आपला हेका सोडला नाही. अखेर तो एका धर्मोपदेशकाबरोबर तुर्कस्तानातील स्मर्ना शहरी, म्हणजे आजच्या इझमिरला, निघून गेला. तेथे काही वर्षे त्याने पुस्तकबांधणी करून पोट भरले. १८४७ मध्ये तो परतला तो ट्रिएस्ट बंदरापर्यंत जहाजाने, आणि तेथून आपले सामान हातगाडीवर घालून, ती ओढीत, पायी डेन्मार्कपर्यंत!

१८५१ च्या हिवाळ्यात फ्यून बेटावरील रिस्लिंगे गावी त्याने आपली शाळा सुरू केली. त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. ग्रुंटविगनेही हातभार लावला. विद्यार्थी होते अवघे पंधरा. कोल्ड जाड्याभरड्या घरगुती कापडाचे कपडे घाली, विद्यार्थ्यांबरोबर एकाच मेजावर जेवी आणि माळ्यावर त्यांच्याच शेजारी झोपे. दिवसा देशाचा इतिहास, जगाचा इतिहास, भूगोल. रात्री मोठ्याने वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि गाणी. धडे संपले तरी गप्पा संपत नसत. अंथरुणावर पडल्यापडल्या मुले प्रश्न विचारीत आणि कोल्ड अंधारात उत्तरे देत राही.

विद्यार्थ्यांच्या वयाबद्दल त्याचा व ग्रुंटविगचा मतभेद होता. मुले चौदा-पंधरा वर्षांची असतानाच घ्यावीत, असे कोल्डला वाटे. अठराच्या आत मुळीच नको, असे ग्रुंटविगचे म्हणणे. हा वाद तर्काने मिटला नाही. अनुभवानेच कोल्डला ग्रुंटविगच्या बाजूला नेले. अठरा-वीस वर्षांच्या तरुणाने थोडेफार जग पाहिलेले असते; त्याचे प्रश्न त्याचे स्वतःचे असतात.

एकदा एका शेतमजूर तरुणाने आपली अडचण सांगितली, अशी आठवण आहे. ऐकताना सारे समजते, पण बाहेर पडल्यावर काही आठवत नाही, म्हणून तो खिन्न झाला होता. कोल्डने त्याला शेतातलाच दाखला दिला. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मातीच्या नळ्या पुरतात, तेव्हा त्या पुन्हा सापडाव्यात म्हणून खुणेच्या खुंट्या ठोकाव्या लागतात. धान्य पेरल्यावर कोणी खुंट्या ठोकतो काय? ते आपले आपण वर येते. तरुणाचे समाधान झाले की नाही, हे आठवणीत सांगितलेले नाही!

पुढे ही शाळा ओडेन्स शहराजवळ डालुम येथे गेली आणि १८६३ पासून उन्हाळ्यात मुलींसाठीही भरू लागली. त्याच सुमारास देशावर संकट कोसळले. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा मोठा प्रदेश गेला, आणि त्याबरोबर रोडिंगचे गावही गेले. तेथील शिक्षकांनी नव्या सरहद्दीच्या अलीकडे, आस्कोव येथे १८६५ मध्ये पुन्हा शाळा मांडली. नंतरच्या वर्षांत गावोगाव अशा शाळा निघाल्या.

१८७० नंतर अमेरिकेतून व रशियातून स्वस्त धान्य येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचा भाव कोसळला. शेतकरी दुधाकडे वळले; पण तीन-चार गाईंच्या मालकाचे घरचे लोणी बाजारात कोण विचारणार? १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील एका खेड्यातील शेतकऱ्यांनी आपले सर्व दूध एकत्र करून पहिली सहकारी डेअरी उभारली. साय वेगळी करण्याचे नवे यंत्र आणले. कर्जाची हमी सर्वांनी मिळून घेतली. दहा वर्षांत अशा शेकडो डेअऱ्या झाल्या. बहुतेक ठिकाणी कारभारात मत माणशी एक. ज्याच्या गाई चाळीस, त्याचे मतही एकच.

याचे सारे श्रेय लोकशाळांना देणे योग्य होणार नाही. नवे यंत्र होते, आगगाडी होती, इंग्लंडची बाजारपेठ होती. लोणी कसे काढावे, हे कोल्डने कोणाला शिकवलेही नव्हते. पण सभेत उभे राहून बोलणारे, शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणारे अनेक पुढारी एखादा हिवाळा अशा शाळेत काढून आलेले होते. कोल्डला हे पाहता आले नाही. तो १८७० मध्येच वारला.

डेन्मार्कमध्ये आजही सुमारे ७० लोकशाळा चालतात. तेथे तरुण काही महिने एकत्र राहतात, गातात, कामे वाटून घेतात. परीक्षा अजून नाही. प्रवेशासाठी वयाची अट मात्र आहे : साडेसतरा वर्षे. ग्रुंटविगच्या म्हणण्याहून अवघे सहा महिने कमी.