सिॲटलच्या उन्हाळ्यातली भेंडी

आमच्या भागात टोमॅटो लावणाऱ्याला लोक हौशी म्हणतात आणि भेंडी लावणाऱ्याला हट्टी. सिॲटलच्या उत्तरेला, बॉथेलमध्ये आमचं घर आहे. इथल्या बागकाम करणाऱ्यांचं सरळ मत असं, की भेंडी विकत आणावी. मेक्सिकोची येते, इंडियन ग्रोसरीत बाराही महिने मिळते, उगाच कशाला जीव काढायचा? मत चुकीचं नाही. पण त्या दुकानात भेंडीची टोकं मोडून बघायला लागलं की काउंटरवरचा माणूस आपल्याकडे बघायला लागतो, आणि न मोडता आणली तर निम्मी निब्बर निघते. मला कोवळी भेंडी हवी होती. म्हणून हट्टी तर हट्टी.

सिॲटल पावसाचं गाव म्हणून प्रसिद्ध असलं तरी इथला उन्हाळा कोरडा असतो. जुलैत पाऊस जवळजवळ नसतोच, आकाश निळंशार, ऊन रात्री नऊपर्यंत. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, एवढ्या उन्हात भेंडी का नाही येणार? अडचण रात्रीची आहे. ऐन जुलैत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतात आणि पहाटे तेरा-चौदा. पुजेट साऊंडच्या पाण्यावरून गार हवा येते आणि दिवसभर तापलेली माती पुन्हा निवते. पंधराच्या खाली भेंडी वाढायचं जवळपास थांबवते. मरत नाही, पण जागची हलत नाही. जूनचं तर विचारूच नका. सकाळपासून ढग, अंगात स्वेटर. इथले लोक त्या महिन्याला ‘जून्युअरी’ म्हणतात आणि उन्हाळा पाच जुलैला सुरू होतो असं सांगतात, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचे फटाके थंडीत कुडकुडत बघून झाल्यावर.

त्यामुळे इथे भेंडी लावणं म्हणजे खतपाण्याचा कमी आणि ऊब साठवण्याचा जास्त उद्योग आहे. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं आपोआप ठरत जातं.

बी एप्रिलच्या मध्यात घरात लावायचं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, कारण कवच टणक असतं. माती सोळा अंशांच्या वर नसेल तर बी रुजण्याऐवजी कुजतं. सत्तावीस-अठ्ठावीस मिळाले तर आठवड्याच्या आत मोड वर येतो. त्यासाठी कुंड्यांखाली ठेवायची विजेची गरम चटई मिळते, ती घ्यावी. खिडकीतला उजेड पुरत नाही, एप्रिलमध्ये तर नाहीच, म्हणून वर एक एलईडी नळी. भेंडीचं सोटमूळ लांब असतं आणि त्याला हात लावलेला तिला खपत नाही. म्हणून मातीत विरघळणाऱ्या कागदी कुंडीत दोन-दोन बिया टाकते आणि दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापते. उपटलं तर शेजारचंही दुखावतं.

जूनच्या मध्यापर्यंत ही रोपं बाहेर मुक्कामाला नेत नाही. मे महिन्यात एखादा आठवडा असा कडक पडतो की हात शिवशिवतात, शेजारीपाजारी सगळे काकड्या लावून मोकळे होतात. त्या आठवड्याच्या नादी लागू नये.

बाहेर म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. आमच्या मागच्या अंगणात लाकडी चौकटीचे छान वाफे आहेत, त्यांत मेथी, पालक, वाटाणा मजेत येतो. भेंडीला मी तिथे जागा देत नाही. ती असते पुढे, गाडी लावायच्या सिमेंटच्या उतारावर, गॅरेजच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटून, काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या कुंड्यांत. दिसायला काही शोभा नाही. पण काळी कुंडी ऊन पिते, सिमेंट आणि भिंत तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहतात. कुंडीतल्या मातीत बोट घातलं आणि वाफ्यातल्या मातीत घातलं, की फरक थर्मामीटरशिवाय कळतो. आणखी एक फायदा म्हणजे सिमेंट ओलांडून गोगलगायी फारशा येत नाहीत. इथल्या बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रीत कोवळ्या रोपाचा नुसता दांडा ठेवतात.

पाण्याचंही तसंच. आमच्या भागाला सीडर आणि टोल्ट या नद्यांचं पाणी येतं, कॅस्केड पर्वतातलं. पिण्याला अमृत, पण नळीने थेट भेंडीच्या मुळाशी सोडलं तर दिवसभर कमावलेली ऊब गेली. म्हणून बादल्या सकाळी उन्हात भरून ठेवते आणि दुपारी घालते.

माझे सासरे परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले. आयुष्यभर शेती केलेला माणूस. २०२३च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे होते. संध्याकाळी मी कुंड्यांवर पांढरं पातळ कापड पांघरत होते, ते बघून म्हणाले, “हे काय गं माय, भेंडीला रजई?” त्यांच्या शेतात भेंडीला पाणी मिळालं की पुरे, ऊन कमी कसं पडेल याची चिंता. त्यांनी वर्षानुवर्षं लावलेला वाण म्हणजे ‘परभणी क्रांती’, तिथल्याच कृषी विद्यापीठाचा. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी तो काढला. तेच बी माझ्यासाठी पिशवीत घालून आणायची त्यांची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. अमेरिकेत बी आणायला परवाना आणि वनस्पती-आरोग्याची कागदपत्रं लागतात; विमानतळावर काढून घेतात ते वेगळंच. बाबांना हे पटलं नाही. “भेंडीचं बी म्हणजे काय अफू आहे का?” असं त्यांचं म्हणणं होतं.

पण परवाना मिळाला असता तरी मी दहादा विचार केला असता. भेंडीला फुलायला लहान दिवस आवडतात. परभणीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, आमच्याकडे जूनमध्ये सोळा तास उजेड. एवढ्या लांब दिवसांत काही वाण नुसती पानं वाढवतात, कळ्या धरत नाहीत किंवा धरलेल्या गाळतात. म्हणून थंड प्रदेशात बी निवडताना ते किती उंच होतं यापेक्षा किती लवकर फुलतं ते बघावं. मी ‘ॲनी ओकली’ आणि ‘केजन डिलाइट’ हे संकरित वाण लावते. ‘क्लेमसन स्पाइनलेस’ हा इथला सगळ्यात गाजलेला वाण, १९३९ साली पारितोषिक मिळालेला; पण क्लेमसन साउथ कॅरोलायनात आहे. पाकिटावर छापलेले पंचावन्न-साठ दिवस तिथल्या घामट उन्हाचे. इथे त्यात महिनाभर मिळवून धरावा.

एक उन्हाळा मात्र वेगळा होता. २०२१च्या जूनअखेरीस या भागावर उष्णतेचा घुमट बसला. २८ जूनला सिॲटलमध्ये पारा बेचाळीस अंशांवर गेला, आजवरचा उच्चांक. तेव्हा घरोघरी एसी नव्हते, इथे कधी फारसे लागलेच नव्हते. कॅनडापर्यंत शेकडो माणसं त्या लाटेत दगावली, त्यामुळे कौतुकाने सांगावं असं ते दिवस नव्हते. आम्ही ओले टॉवेल घेऊन तळमजल्यावर पडून होतो. मागच्या अंगणात वाटाणा वाळून गेला, रास्पबेरी झुडपावरच भाजल्या. आणि गॅरेजच्या भिंतीशी भेंडीने नवी पानं काढली. त्या आठवड्यात ती जेवढी वाढली तेवढी एरवी जूनभर वाढत नाही. मला तिचा थोडा रागच आला.

एरवी फुलं जुलैच्या शेवटी येतात. फिकट पिवळी, पोटात गडद किरमिजी, एका दिवसाची. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारतात, हे जास्वंदीतलं काही आहे का? कूळ तेच, कापसाचंही तेच. फूल गळल्यावर आमच्या जिंतूरकडे तीन-चार दिवसांत भेंडी तोडायला येते, इथे आठवडाही लागतो. मावा पडतो, त्याला साबणाचं पाणी. हात खाजतात, त्याला पूर्ण बाह्या.

आणि मग हिशेब. एका झाडावर एका वेळी एक भेंडी, फार तर दोन. चौघांच्या भाजीला पाव किलो तरी हवी. साठवू म्हटलं तर तोडलेली भेंडीही थंडी सोसत नाही. नेहमीच्या फ्रिजच्या चार अंशांत थोड्याच दिवसांत काळे डाग धरते. बाबांनी यावर तोडगा सांगितला, तो शेतकऱ्याचाच होता: “झाडं वाढव, नाहीतर खाणारे कमी कर.” मी झाडं वाढवली. आता बारा कुंड्या असतात आणि ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्याला एक भाजी होते, कांदा घालून परतलेली, कधी बटाट्याची भर. नंतर रात्री दहाच्या खाली जायला लागतात आणि कारभार संपतो. पैशात मोजलं तर कुंड्या, चटई, कापड, दिवा यांच्या खर्चात कित्येक वर्षांची मेक्सिकन भेंडी आली असती.

तरी लावणार असाल तर दक्षिणेची भिंत शोधा, कुंड्या काळ्या घ्या आणि लवकर येणारं बी फेब्रुवारीतच मागवा, नंतर संपतं. आठ रोपांना जागा नसेल तर भेंडीच्या वाटेला जाऊ नका. मेथी लावा. ती या हवेत फार छान येते.