खुर्ची आणि पायरी

ज्या कचेरीत मी पस्तीस वर्षे कारकुनी केली, तिचे रूप पालटले आहे असे ऐकून परवा मुद्दाम ती पाहावयास गेलो. निवृत्त माणसाने जुन्या कचेरीत पुन्हा पाऊल टाकू नये म्हणतात. त्याला तेथे कोणी ओळखत नाही, आणि ज्यांना तो ओळखतो ती कपाटेही जागेवर नसतात. पण माझ्या जागेवर आता बसणाऱ्या तरुणाने इतक्या अगत्याने बोलाविले की, चंद्रपूरचे वैशाखातील ऊन डोक्यावर घेऊनही मी निघालो.

खरोखरच सारे बदलले होते. टेबले हवी तशी उंच-सखल करता येतात. खुर्च्यांना चाके आहेत, कमरेला आधार आहे. संगणकावर तिरीप पडू नये म्हणून खिडक्यांना पडदे आहेत. स्त्रियांकरिता विश्रांतीची स्वतंत्र खोली आहे. त्या तरुणाने दांडी दाबून आपली खुर्ची वर-खाली करून दाखविली, तेव्हा नवे खेळणे दाखविणाऱ्या मुलासारखी त्याची मुद्रा झाली होती. मला हसू आले नाही, हेवा वाटला. माझी खुर्ची वेताची होती. मी रुजू झालो त्याच वर्षी, म्हणजे 1979 साली, तिच्या मधला वेत सुटला. आणि जुन्या राजपत्रांचा गठ्ठा त्या भोकावर ठेवून मी पुढली कित्येक वर्षे काढली. सरकारी राजपत्राचा इतका प्रत्यक्ष आधार दुसऱ्या कोणास मिळाला असेल असे वाटत नाही!

माणसासाठी खुर्ची की खुर्चीसाठी माणूस, हा घोटाळा मात्र केवळ आपल्याकडचा नव्हे. फ्रँक लॉइड राइट या विख्यात अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने जॉन्सन कंपनीकरिता रसीन येथे जी कचेरी उभारली, ती 1939 साली पुरी झाली. तिचे खांब पाहावयास अजून लोक जातात. पण तेथील कारकुनांसाठी त्याने तीन पायांच्या खुर्च्या योजिल्या होत्या, आणि त्यांवर जरा वाकडे बसले की माणूस लवंडे. खुद्द राइटही एकदा लवंडला, अशी कथा सांगतात. पुढे 1968 साली रॉबर्ट प्रॉप्स्ट याने हलत्या आडभिंतींची कचेरी बाजारात आणिली. कामकऱ्याला मोकळीक मिळावी, हा त्याचा हेतू. कंपन्यांनी त्याच आडभिंतींची खुराडी केली, आणि उतारवयात प्रॉप्स्टला आपल्या निर्मितीचा उद्वेग आला. आता पुन्हा भिंती पाडणे चालले आहे. कामकऱ्याला काय हवे, हे त्यालाच विचारण्याचा सोपा मार्ग सोडून मनुष्यजात केवढा वळसा घेते!

शिवाय कामकरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खुर्चीवरचाच माणूस येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ज्यांच्या कचेरीला भिंतीच नाहीत असे नोकर थोडे नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. तिच्यासारख्यांच्या 'सोयी' कोणत्या नकाशावर आखावयाच्या, हे मला सुचत नाही. पण चाकांच्या खुर्चीचे कौतुक करिताना ती आठवली खरी.

आणि आणखी एक मनुष्य आठवला. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. तत्पूर्वी भामरागड-सिरोंच्याच्या रहिवाशासही जिल्ह्याच्या कामासाठी चांद्यालाच यावे लागे. अशाच एका मे महिन्यात भामरागडापलीकडून एक वृद्ध गोंड आपल्या जमिनीच्या कागदाची नक्कल मागावयास आला. येणाऱ्याने बसावे कोठे याचा विचार आमच्या कचेरीत कोणी केलाच नव्हता. तो बिचारा आत भिंतीशी उकिडवा बसला. शिपायाने त्याला हटकले, तेव्हा तो उठून बाहेर पायरीवर गेला. पायरीवर ऊन होते. मी हे पाहत होतो, आणि माझ्या गठ्ठ्यावरून उठलो नाही. तिसऱ्या प्रहरी नक्कल तयार झाली, त्याचे नाव पुकारले, तो पायरी रिकामी होती. ती नक्कल पुढे पुष्कळ दिवस माझ्या खणात पडून राहिली. तो पुन्हा आला नाही.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर चातगावाजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. ते प्रथम पाहिले त्या दिवशी ही रिकामी पायरी मला फार बोचली. या दांपत्याने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारले की, तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरे मोठी मासलेवाईक मिळाली. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यात तर आम्ही प्रेत गुंडाळतो, तुमचे डॉक्टर आणि परिचारिका पांढरेच नेसून हिंडतात. आणि आजाऱ्याजवळून नातलगांना तुम्ही बाहेर काढता. म्हणून मग तो दवाखाना गावासारखा झाला. झोपड्यांचा, सोयऱ्यांसह राहण्याचा, आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचा. त्यात महागडे असे काही नव्हते. विचारणे तेवढे होते.

"अन् येणारी माणसे कोठे बसतात?" मी त्या तरुणाला विचारले. तो जरा थबकला. मग त्याने मला बाहेर नेऊन लोखंडी बाकांची रांग दाखविली. बाके भरली होती. काचेच्या खिडकीखाली, फरशीवर, एक म्हातारी कागदांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. तरुण शरमला, आत गेला, आणि आपली चाकांची खुर्ची ढकलीत घेऊन आला.

"बसा आजी."

म्हातारीने खुर्चीच्या दांड्याला हात लावला, तशी ती हातभर सरकली. "हे तं पळते, बाबू. मी खालीच बरी," ती म्हणाली.

तो क्षणभर खुर्ची धरून उभा राहिला. मग ती भिंतीशी लावून तिच्याजवळ फरशीवर बसला, आणि तिचे कागद एकेक उलगडू लागला. खिडकीमागून कोणीतरी त्याला हाक मारीत होते.