उंच गाडी आणि मोठीं चाकें

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरीं एका मोटारगाडीच्या चाकांवरून जितका खल झाला, तितका माझ्या विवाहाच्या वेळींही झाला नव्हता. वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला, तेव्हां इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनीं हाच विषय सुचविला. कारण ह्या खलाचा कांहीं भाग त्यांच्याच वर्गांत, फळ्यावर, पार पडला आहे. गणिताच्या शिक्षकानें टायरांविषयीं लिहावें ह्याचें पालकांपैकीं कोणास नवल वाटल्यास त्यांनीं तो दोष त्या वर्गाकडे द्यावा.

माझी वडील बहीण अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे रतनवाडीच्या बाजूस असलेल्या एका लहान वाडींत प्राथमिक शिक्षिका आहे. ऐंशी वर्षें पार केलेली आमची आई तिच्याजवळ राहते. शहरांत तिचा जीव रमत नाहीं. दर महिन्यास तिला तपासणीसाठीं खालीं राजूरला आणावें लागतें. ज्यांनीं तो मुलूख पावसाळ्यांत पाहिला आहे, त्यांस तेथील पावसाविषयीं सांगणें नको. डांबरी सडक संपल्यावर वाडीपर्यंत जी चार किलोमीटरांची वाट आहे, तिला रस्ता म्हणणें हा केवळ शिष्टाचार होय. एक ओढा, दोन ठिकाणीं गुडघाभर चिखल, आणि शेवटच्या चढावर वाटेच्या मधोमध डोकें वर काढून बसलेले दोन काळे खडक.

ह्या कामासाठीं मी व माझा धाकटा भाऊ अशा दोघांनीं मिळून एक जुनी मारुती जिप्सी विकत घेतली. ही गाडी १९८५ सालीं भारतांत प्रथम आली व पुढें कित्येक वर्षें आपल्या सैन्याची ती विश्वासू सोबतीण होती. वजन सुमारें एक टन, चारही चाकांस इंजिनाची शक्ति, आणि पुढें व मागें दोन्हीकडे अखंड लोखंडी आंस. भाऊ यंत्रांचा नादी, मी पैशाचा हिशेबी. तेव्हां गाडी त्याच्या अंगणांत व खर्चाची वही माझ्या कपाटांत, अशी वांटणी झाली.

पहिल्या पावसाळ्यांत गाडीचें पोट त्या खडकांवर दोन वेळां घासलें. भाऊ म्हणाला, "दादा, गाडी दोन इंच उचलूं या." उचलणें म्हणजे आंस व गाडीचा सांगाडा ह्यांच्यामध्यें जे पोलादी पाटे असतात, ते अधिक बाकदार बसवून वरचा सगळा भाग उंच करणें. मला तें पटलें, कारण दिसावयास तें अगदीं साधें होतें. मे महिन्यांत एका मिस्त्रीकडून काम करून घेतलें. गाडी खरोखरच ऐटदार दिसूं लागली. गल्लींतील मुलें तिच्याभोंवतीं जमूं लागलीं. आणि खरें सांगावयाचें तर वयाच्या ४७ व्या वर्षीं मलाही तिच्याजवळ उभें राहून छायाचित्र काढवून घेण्याचा मोह आवरला नाहीं.

जूनमध्यें त्याच चढावर, त्याच खडकावर पुन्हां खणखणीत आवाज झाला. छत्री घेऊन मी गाडीखालीं वांकून पाहिलें. ह्या वेळीं लागलें होतें तें गाडीचें पोट नव्हे, तर मागील आंसाच्या मध्यभागीं ज्यांत दंतचक्रें असतात तो लोखंडी गोळा. मग कोठें डोक्यांत प्रकाश पडला. आंस चाकांच्या मध्याशीं जोडलेला आहे, आणि पाटे त्या आंसाच्या व सांगाड्याच्या मध्यें आहेत. पाट्यांनीं वरचें घर कितीही उंच केलें, तरी आंस होता तेथेंच राहणार. खाटेच्या पायांखालीं विटा न ठेवतां वरची गादीच दुप्पट जाड केली, तर खाटेखालची ट्रंक बाहेर ओढावयास अधिक जागा होत नाहीं. तसाच आमचा दोन इंचांचा खर्च. उलट, घराची उंची वाढल्यानें गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला आणि वळणावर ती पूर्वीपेक्षां अधिक कलूं लागली, हें पदरांत पडलें.

आंस उंच करावयाचा तर चाकाची त्रिज्या वाढविणें हाच एक मार्ग. येथें टायरच्या अंगावरील आकडे वाचावयास शिकणें भाग पडलें. आमच्या टायरवर २०५/७० आर १५ असें लिहिलेलें होतें. पैकीं २०५ ही टायरची रुंदी, मिलीमीटरांत; ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ७०; आणि १५ हा आंतील लोखंडी रिमेचा व्यास, इंचांत. मिलीमीटर, टक्के व इंच हीं तीन घराण्यांचीं मापें एकाच ओळींत नांदतात हें पाहून गणिताच्या शिक्षकास कसेंसेंच होतें. असो. भिंत १४३.५ मिलीमीटर, ती वर व खालीं मिळून २८७, त्यांत रिमेचे ३८१ मिळविले म्हणजे चाकाचा व्यास ६६८ मिलीमीटर झाला. भावाच्या मनांत ३१ इंच व्यासाचे, म्हणजे ७८७ मिलीमीटरांचे टायर भरले होते. त्यांनीं आंस व्यासांतील फरकाच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६० मिलीमीटरांनीं उंचावला असता.

हेंच उदाहरण मीं नववीच्या वर्गास घातलें. वेग दाखविणारा कांटा खरोखर वेग जाणत नाहीं. तो चाकाचे फेरे मोजतो आणि चाक मूळ मापाचें आहे असें धरून चालतो. तर मग ३१ इंची चाकांवर कांटा ६० दाखवीत असतां गाडीचा खरा वेग किती? बहुतेकांनीं वहींत पाय मांडला, बावीस सप्तमांश लिहिले आणि परीघ काढण्याच्या उद्योगास लागले. मागच्या बांकावरील एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, पाय दोन्हीकडे आहे, तो निघूनच जाईल. नुसतें व्यासांचें गुणोत्तर पुरे." उत्तर सुमारें ७१ आलें. त्यावर एका मुलानें विचारलें, "सर, मग पोलिसांनीं पकडल्यास कांट्यावरचा वेग सांगावयाचा कीं फळ्यावरचा?" वर्ग हांसला, मीही हांसलों. त्या हांसण्याची आठवण पुढें मला सुखाची राहिली नाहीं.

भावाच्या एका मित्राजवळ तसले ३१ इंची टायर रिमांसह होते. ऑगस्टमध्यें एका खेपेपुरते ते उसने मिळाले. मीं नको म्हणावयास हवें होतें, म्हटलें नाहीं. त्या दोन खडकांवरून गाडी जशी अलगद निघून गेली, तें पाहून मीं भावाची पाठ थोपटली, हेंही लपवीत नाहीं. वाडींत पोंचल्यावर पहिली अडचण उभी राहिली ती आईची. पाट्यांचे दोन इंच आणि चाकांचे सव्वादोन, इतकी गाडी आतां उंचावली होती. आईनें एक पाय उचलला, पुन्हां खालीं ठेवला. शेवटीं आक्कानें स्वयंपाकघरांतून बसावयाचा पाट आणून खालीं ठेवला, तेव्हां दोघांच्या आधारानें ती चढली. बसल्यावर म्हणाली, "बाळांनो, ही गाडी माझ्यासाठीं घेतलीत, कीं मला चढतां येऊं नये म्हणून घेतलीत?"

खालीं येतांना मी चालवीत होतों. राजूरच्या वाटेवर एका उतारावर पाऊस भुरभुरत होता. कांटा पस्तीस दाखवीत होता. वळण घेतों तों समोर पांचसहा गुरें, आणि त्यांच्या मागें प्लास्टिकची खोळ पांघरलेला एक दहाबारा वर्षांचा मुलगा. मीं नेहमींच्या अंदाजानें ब्रेकवर पाय ठेवला. गाडी नेहमींच्या अंदाजानें थांबेना. चाक बाजूस वळवितांच डावा टायर मडगार्डला आंतून घासून करकरला आणि स्टेअरिंग हातांत अडलें. मग उरलेलें सगळें बळ पायांत आणलें. गाडी थांबली तेव्हां तो मुलगा आणि गाडी ह्यांच्यामध्यें दोन हातांचें अंतर होतें. त्यानें आमच्याकडे एकवार पाहिलें, काठीनें गुरें पुढें हांकलीं व तो चालूं लागला. मागून आईनें माझ्या खांद्यावर हात ठेवला, ती कांहीं बोलली नाहीं. भाऊही राजूर येईपर्यंत बोलला नाहीं.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. कांटा ३५ दाखवीत होता, म्हणजे खरा वेग ४१ होता. वेग १८ टक्क्यांनीं वाढला कीं गतिज ऊर्जा सुमारें ३९ टक्क्यांनीं वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणें असते. शिवाय चाकाची त्रिज्या वाढल्यामुळें ब्रेकवर पाय तेवढाच दाबला, तरी जमिनीशीं मिळणारा अवरोध सुमारें १५ टक्क्यांनीं घटतो. ह्यांतील पहिलें गणित मीं तीनच आठवड्यांपूर्वीं मुलांकडून सोडवून घेतलें होतें, त्यांस गुणही दिले होते. आणि उतारावर मात्र मी कांट्यावर विश्वास ठेवून निश्चिंत बसलों होतों. मुलाच्या त्या प्रश्नाचें उत्तर मला वर्गांत द्यावयाचें राहिलें होतें, तें असें मिळालें.

दुसऱ्या दिवशीं टायर परत केले. त्यानंतर जें पूर्वीं करावयास हवें होतें तें केलें, म्हणजे कायदा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करावयाचा नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ह्या कलमाचा हाच अर्थ लावला आहे. मिस्त्रीनें हें सांगितलें नव्हतें व आम्हीं विचारलें नव्हतें. सायकलीस घंटी नसली तर ज्या फाटकाशीं मी मुलांस अडवितों, त्याच फाटकांतून मीं तीन महिने ती उंच केलेली गाडी आंत आणली होती. दिवाळीच्या सुटींत जुने पाटे पुन्हां बसविले. त्यावरून भाऊ आठ दिवस माझ्याशीं मोजकेंच बोलत होता.

आतां टायर निवडावयाचे ते न उचललेल्या गाडीसाठीं. आम्हीं २१५/७५ आर १५ हें माप ठरविलें. ह्याचा व्यास ७०३ मिलीमीटर; आंस सुमारें १८ मिलीमीटर वर जातो, म्हणजे एका बोटाची रुंदी. कांटा ६० दाखवितो तेव्हां खरा वेग ६३ असतो, आणि हा आंकडा आतां कागदाच्या चिठ्ठीवर कांट्याखालीं चिकटविलेला आहे. जुन्या साडेपांच इंची रिमांवर हे टायर बसतात. घेण्यापूर्वीं दुकानाच्या अंगणांतच एक चाक दगडावर चढवून स्टेअरिंग दोन्ही टोकांस पूर्ण वळवून पाहिलें. कोठें घासलें नाहीं. दुकानदार १७ इंची चकाकत्या रिमा घ्या म्हणून फार मागें लागला होता. रिम मोठी घेऊन चाकाचा बाहेरचा व्यास तोच ठेवला, तर रबराची भिंत तितकी कमी होते. खडकाचा धक्का ती भिंतच सोसते. रिमेनें तो सोसावयाचा म्हटला तर ती वांकते. हें त्यास पटलें नाहीं, आणि मीं फार वाद घातला नाहीं.

टायरच्या नक्षीविषयीं भावानें माझें ऐकलें. केवळ चिखलासाठीं केलेल्या टायरवर रबराचे मोठे ठोकळे व त्यांमध्यें रुंद चर असतात. फिरतां फिरतां तो चिखल बाहेर फेंकतो व पुन्हां पकड घेतो. परंतु डांबरावर तो घोंघावतो आणि ओल्या सडकेवर गाडी उशिरां थांबवितो. आमचा एका बाजूचा प्रवास सव्वाशे किलोमीटरांहून अधिक, त्यांत चिखल चार किलोमीटर. चार किलोमीटरांसाठीं उरलेला सगळा रस्ता कां बिघडवावा? म्हणून दोन्हींच्या मधली, सर्व तऱ्हेच्या वाटांसाठीं असते ती नक्षी घेतली. चिखलाची उणीव हवेनें भरून काढतों. कच्ची वाट लागतांच टायरांतील हवा २६ वरून १८ पौंडांवर आणावयाची, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो व पकड वाढते. आणि परत सडकेस लागण्यापूर्वीं ती न चुकतां भरावयाची, नाहीं तर वेगानें जातांना टायर तापून फुटतो. त्यासाठीं गाडींत एक लहान विजेचा पंप ठेवला आहे.

पालकांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. एका दुकानांत आम्हांस "अगदीं कोरे" म्हणून जे टायर दाखविले, त्यांवर १११८ असें होतें, म्हणजे २०१८ सालचा अकरावा आठवडा. न वापरलेलें रबरही जुनें होतें व कडक होत जातें. दुकानदारानें त्या आंकड्यांचा अर्थ मला निराळाच सांगितला. आम्ही तेथून निघालों.

मापांतला हा बोटभर फरकदेखील सर्वस्वीं निर्दोष आहे, असें मी म्हणत नाहीं. पुढील वर्षीं नोंदणीचें नूतनीकरण आहे. त्या वेळीं निरीक्षकांस तो आपण होऊन दाखवावयाचा आणि ते नको म्हणतील तर जुनें माप पुन्हां बसवावयाचें, असें आमचें ठरलें आहे. बाकी, त्या दोन खडकांपैकीं लहान होता तो उन्हाळ्यांत वाडींतील चौघांनीं व माझ्या भावानें पहारी लावून एका सकाळींत बाजूस सारला. मोठा अजून तेथेंच आहे. त्याच्या डाव्या अंगानें चाक नेलें तर आंस सुटतो.

आई आतां दुसऱ्या कोणाच्या आधाराविना, दाराची कड धरून गाडींत चढते. आक्काचा पाट मात्र त्या दिवसापासून गाडींतच राहिला आहे. तो परत द्यावयाचा म्हणून मी दोनदां बाहेर काढला, आणि दोन्ही वेळां आईनें तो पुन्हां आंत ठेवावयास लाविला.